चौथ्या ओळीतलं ग्रहण

साताऱ्याहून निघताना

साताऱ्याहून आटपाडी तशी फार लांब नाही. पण आमच्या सुभेदारांच्या गाडीतून गेलात तर वाटेत दाढी वाढते. या गाडीचा डावा दरवाजा बाहेरून उघडतो, उजवा आतून आणि मागचा स्वतःच्या मर्जीने. पुसेसावळीच्या पुढच्या चढावर एका म्हशीने आम्हाला मागे टाकलं आणि वर जाऊन ती आमची वाट बघत उभी राहिली, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. सुभेदार तयार नाहीत. ते म्हणतात, म्हैस आधीपासूनच तिथं उभी होती.

सुभेदार म्हणजे माझे शेजारी. फौजेत उभी हयात घालवून आले आणि आता मला सुधारणं हीच त्यांची ड्यूटी. मी चित्रकलेचा निवृत्त मास्तर. शाळा सुटल्यावर जुन्या दगडांचा नाद लागला. कोरीव लेख दिसला की ओला कागद चिकटवायचा, ब्रशने ठोकून ठोकून अक्षरांच्या खाचेत बसवायचा, वरून शाईची पुरचुंडी फिरवायची. अक्षरं पांढरी उमटतात, बाकी काळं. याला ठसा म्हणतात. असे हजारभर ठसे मी काढलेत. सुभेदारांच्या मते एकोणतीस.

या खेपेचा दगड सुभेदारांच्याच ओळखीतला. त्यांच्या हाताखाली हवालदार असलेला दत्तू आता आटपाडीच्या पुढे डाळिंब लावून राहतो. त्याच्या वस्तीवर देवळासमोर एक जुनी शिळा आहे, तिच्यावर खाल्लेला चंद्र कोरलाय. देवळाचा जीर्णोद्धार निघाला होता, शिळा सिमेंटच्या ओट्यात बसवणार होते. त्याआधी ठसा घ्यायला हवा होता.

"भादव्याच्या पौर्णिमेला या," दत्तू फोनवर म्हणाला होता. "आईचा गिराणाचा उपास असतोय. सांजंला चंद्र बघून ती जेवती, मग वस्तीला पुरणपोळी. दगड बी बघा, जेवान बी करा."

पंचांगात तर त्या दिवशी ग्रहण नव्हतं. मी तसं म्हणालो.

"औंदाचं न्हवं ओ," दत्तू म्हणाला. "ते जुनं. राजाच्या काळातलं."

ओढ्यापलीकडची वस्ती

मायणी, विटा, भिवघाट करत आम्ही आटपाडीच्या बाजूला उतरलो तेव्हा मला वाटलं, रस्ता चुकला. हा मुलूख मी पाहिलेला होता. इथं भादव्यात आभाळ धुतलेल्या ताटासारखं असतं. ढग आलाच तर पाहुण्यासारखा दारातूनच विचारपूस करून पुढे जातो. आणि आता डोंगराच्या कडेपासून डोंगराच्या कडेपर्यंत एकच ओलं घोंगडं पसरलेलं. डाळिंबाच्या बागांत गुडघाभर पाणी, झाडाखाली कुजलेल्या फळांचा सडा, आंबूस वास. वस्तीच्या अलीकडच्या ओढ्यावर बुटक्या पुलाची फरशी होती, तिच्यावरून पाणी चाललं होतं. सुभेदारांनी गाडी घातली. मध्यावर गाडी खोकली, मी तीन देवांना नवस बोललो, आणि आम्ही पार झालो.

दत्तू सामोरा आला. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, अजूनही सावधान उभा राहणारा. "साहेब, लय दिसांनी!" म्हणत त्याने सुभेदारांना कडक सलाम ठोकला आणि मग पायाही पडला.

घराच्या सपाट मातीच्या छपरावर, धाब्यावर, त्याची आई बसली होती. हौसाबाई. ऐंशीच्या घरातली, वाळक्या शेंगेसारखी, डोळे मात्र टपोर. घोंगडीवर पूर्वेकडे तोंड करून बसलेली. पहाटे चंद्र मावळला तेव्हापासून तिच्या पोटात अन्न नाही की पाणी नाही.

"हेच का ते दगडाला कागद लावनारं मास्तर?" तिने मला वरून खालपर्यंत बघितलं. "मला वाटलं, लय बारीक आसतील. दगडं खातासा का काय?"

मी म्हणालो, "आजी, मी दिवसाला एकच भाकरी खातो."

"व्हय. आन् सांजंपतोर तीच खातासा."

सुभेदार पोट धरून हसले. मला अशी माणसं आवडतात. मी तिच्यापाशी बसलो आणि ग्रहणाचं विचारलं.

तिने सांगितलं ते तिच्याच शब्दांत देतो, माझ्या पदरचं एक अक्षरही घालत नाही.

"लय जुनी गोष्ट. राजाचा कोन मानूस हितं तळ टाकून व्हता. भादव्याची पुनव, पाटेचं गिराण लागलं. आख्खा न्हाई गिळला. भाकरीचा कोर मोडावा, येवढाच. आन् तसाच मावळला की वो! सुटलाच न्हाई. आता जवर सुटल्याला दिसत न्हाई तवर पान्याला शिवायचं न्हाई, आशी रीत. त्या साली दुस्काळ. मानसं तळमळत्यात, जनावरं हंबरत्यात, लेकरं रडत्यात. तवा आमचा मूळ पुरुस म्हनला, तुमी प्या, गुरांना पाजा. सगळ्यांच्या वाटचा मी बसतो. येक उपाशी ऱ्हाईला म्हंजी समद्यांचं भागलं. दिसभर उनात बसला. सांजंला चंद्र आख्खा निघाला, तवा त्यानं तांब्या तोंडाला लावला. राजाच्या मानसानं ह्यो समदा माळ त्याला दिला. तवापास्नं घरातलं जे थोरलं आसंल ते बसतंय. सासरा बसायचा, मग मालक. आता मी. बावीस वर्सं झाली."

आमच्याकडे साताऱ्यातही जुनी माणसं हे जाणतात. ग्रहण लागलेलाच चंद्र मावळला तर दुसऱ्या दिवशी शुद्ध बिंब दिसेपर्यंत जेवायचं नाही. पण आमची भक्ती घड्याळावरची. लोणच्याच्या बरणीवर तुळशीचं पान ठेवायचं, गल्लीत "दे दान सुटे गिराण" ऐकू आलं की चार दाणे घालायचे, पंचांगात मोक्षाची वेळ बघायची आणि झोपायचं. इथं मात्र कित्येक शतकांपूर्वीचा, पाव भाकरीएवढा घास आभाळाने अजून फेडलेला नव्हता. दर वर्षी एक माणूस स्वतः बसून तो चुकता करत होता.

"आणि ढग आले तर?" मी विचारलं.

"हितं? भादव्यात?" हौसाबाई हसली. "मी लगीन हून आले तवापास्नं येकदा बी चुकला न्हाई. सांज झाली की पितळंच्या परातीगत वर येतोय."

सांज झाली. चंद्र आला नाही.

वस्तीवरची पंधरा-वीस माणसं धाब्याखाली उभी होती. चुलीवर पुरणाचा वास सुटलेला.  अंधार झाला तशी म्हातारी म्हणाली, "सायबांच्या गाडीच्या धुराला लाजला आसंल. उद्या येतोय. तुमी जेवा."

"आई, तू न्हाईस तर…" दत्तूने सुरुवात केली.

"आरं, तुमी खावं म्हनून तर मी बसलीया! गिळा की."

आम्ही पंगतीला बसलो. लाटलेली पोळी एवढी पातळ की तिच्यातून पंगतीतला पलीकडचा माणूस दिसावा. मी एरवी अशा सतरा पोळ्या सहज खातो. त्या दिवशी दीड खाल्ली. वर धाब्याच्या कडेला ती बसलेली दिसत होती, आणि प्रत्येक घास तिच्या तोंडावरून उचलतोय असं वाटत होतं.

दगड

दुसऱ्या दिवशी सकाळी झिमझिम होतीच. शिळा पुरुषभर उंच. वर सूर्य आणि चंद्र. असे सूर्यचंद्र पुष्कळ दगडांवर असतात, ते आहेत तोवर दान चालावं म्हणून. पण या चंद्राच्या उजव्या खांद्यावरून खरंच एक कोर कोरून काढलेली होती, नीट, गुळगुळीत, जाणूनबुजून. खाली गाय-वासरू, आणि अकरा ओळी जुन्या कानडीत.

आता एक कबुली. मला जुनी कानडी येत नाही. मी ठसा घेतो आणि कोल्हापूरच्या एका विद्वानांना पाठवतो, ते वाचतात. मात्र वाटेत कोणी विचारलंच तर मी माझ्या अंदाजाने थोडं वाचून दाखवतो. लोकांना बरं वाटतं.

हवा एवढी दमट की कागद वाळेना. दर वेळी पुरचुंडी फिरवली की शाई पसरून चंद्राला खरंच ग्रहण लागल्यासारखं व्हायचं. शेवटी दत्तूने घमेल्यात निखारे आणले, सुभेदारांनी छत्री धरली, आणि मी दगडाला शेक देत बसलो. बाळंतिणीची खोली असावी असा थाट होता. दुपारी एकदाचा ठसा निघाला. चौथी ओळ चमत्कारिक होती, खोल खोल, वेडीवाकडी. पण मी तेव्हा तिकडे लक्ष दिलं नाही.

लक्ष दुसरीकडेच होतं. सकाळी म्हातारी शिळेला पाणी घालायला स्वतः आली होती. दर पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ती शिळा हाताने धुते. तांब्यातलं पाणी दगडावरून ओघळत होतं, ती बोटांनी एकेक खाच पुसत होती, आणि तिची जीभ ओठांवरून फिरली. कोरडी जीभ कोरड्या ओठांवर घासल्याचा आवाज मला ऐकू आला. हे मी फुगवून सांगत नाही. परत जाताना दत्तूला तिला धरावं लागलं.

दुपारनंतर पाऊस आडवा लागला. ओढा फुगला, फरशी दिसेनाशी झाली. दत्तूने आटपाडीच्या डॉक्टरांना फोन लावला. फोनमधला आवाज सगळ्यांनी ऐकला. "या वयात दीड दिवस पाणी नाही? आधी पाणी पाजा. किडन्या बसतील. आणि मिळेल त्या गाडीने घेऊन या." पाणी ती घेत नव्हती, आणि ओढा गाडी घेत नव्हता.

सांजेला दत्तूच्या मुलाचा फोन आला. तोही फौजेत, राजस्थानात. त्याने मोबाईलवर आपलं आभाळ दाखवलं. वाळूच्या टेकाडावरून नुकताच वर आलेला चंद्र, पिवळाधमक.

"आज्जे, बघ! सुटलाय बघ! आता तरी पानी पी."

म्हातारीने मोबाईल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "ग्वाड दिसतोय रं. पर बाळा, ह्यो तुझा चंद्र. तुझ्याकडं कुठं गिराण लागलं व्हतं? ते हितं लागलं व्हतं. हितलाच पायजे."

"आवं आई, चंद्र येकच आसतोय!" दत्तू ओरडला. आईवर ओरडायची त्याची ती बहुधा पहिलीच वेळ.

"आसंल की," ती म्हणाली. "आभाळ येक न्हाई."

दत्तूच्या बायकोने फडकं भिजवून तिच्या कपाळावर ठेवलं. म्हातारीने ते उचललं, घट्ट पिळलं आणि मग परत ठेवलं. कपाळावरून एखादा थेंब ओठावर आला तर?

तिसरा दिवस

सकाळी तिचे डोळे आत गेले होते. हाताची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहत होती. आदल्या दुपारपासून लघवी झाली नव्हती. बोलताना शब्द जिभेला चिकटत. तरी तिने मला बघून विचारलं, "मास्तर, येक भाकर संपली का?"

मी तिच्या घोंगडीची दुमडलेली कड सरळ केली. 

दत्तूने सगळं करून बघितलं. "मी थोरला हाय, मी बसतो," म्हणाला. ती म्हणाली, "मी जित्ती आस्ताना तू थोरला कसा?" त्याने तांब्या तिच्या ओठाला लावला, तिने दात मिटले, पाणी हनुवटीवरून घोंगडीवर गेलं. मग तो बाहेर आला, गोठ्याच्या खांबाला कपाळ टेकून उभा राहिला आणि हुंदके देऊन रडायला लागला. बर्फात गोळी खाऊन कॅम्पपर्यंत चालत आलेला माणूस, असं सुभेदार सांगतात, आणि सुभेदार फुगवत नाहीत.

सुभेदारांनी मला दंडाला धरून बाजूला घेतलं.

"मास्तर, जन्मभर थापा मारल्या. आज एक कामाची मारा."

"म्हणजे?"

"तो कागद आणा. अन् त्यात ल्हिलंय म्हणून सांगा."

"सुभेदार, दगडावरचं आहे हो ते."

"म्हणून तर तिला पटंल. ऑर्डर समजा."

मी चहावाल्याला, सासऱ्याला, शिक्षणाधिकाऱ्याला, देवाला थापा मारल्या आहेत. एकदाही मागेपुढे पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र ठशाची गुंडाळी दोनदा उलगडली आणि दोनदा परत गुंडाळली.

वस्तीतली माणसं जमली. मी कागद भिंतीला लावला आणि घसा साफ केला. पहिल्या ओळी वाचल्या: अमुक राजा, तमुक देश, भाद्रपद पौर्णिमा, सोमग्रहणाचा पर्वकाळ. एवढं कुठल्याही दानलेखात असतंच. मग चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. तीच सगळ्यांत ठळक दिसत होती, म्हणून.

"आणि इथं बघा. इथं म्हटलंय, मेघ आडवे आले, चंद्र दिसला नाही, तर व्रत करणाऱ्याने तुपाचा दिवा पाहावा. तोच सुटलेला चंद्र मानावा. आणि पाणी घ्यावं."

"ल्हिलंय तसं?" दत्तू पुढे आला. डोळे लाल.

"स्वच्छ लिहिलंय."

"बघ आई! दगडातच ल्हिलंय! आपल्याला वाचाय येत न्हवतं!"

म्हातारीने हात पुढे केला. "कागद हिकडं आना."

मी तो तिच्या मांडीवर धरला. तिने तर्जनी ठशावर ठेवली. "कंची वळ म्हनला?"

"चौथी."

तिचं बोट पहिल्या ओळीवरून घसरत दुसरीवर, तिसरीवर, चौथीवर आलं. तिथं सावकाश डावीकडून उजवीकडे गेलं. थांबलं. परत गेलं.

"वाका जरा," ती म्हणाली. "मोठ्यांदी बोलवत न्हाई."

मी तिच्या तोंडाशी कान नेला. तिच्या श्वासाला तापल्या मातीचा वास होता.

"ही वळ न्हवं, मास्तर. माझ्या सासऱ्याच्या टायमाला हिरीच्या बांधकामाला दगडं कमी पडली. पाथरवटानं ह्यो फोडाय घेतला. पाच-सा घाव घातलं आन् त्याला वर चंद्र दिसला, तवा टाकी-हातोडी टाकून पळाला. त्याला भाकर घिऊन मीच गेले व्हते." ती दम घ्यायला थांबली. "तुमी लय लबाड हायसा."

 सगळी वस्ती माझ्या पाठीकडे बघत होती.

ती दत्तूकडे बघत होती. तो उंबऱ्यात उभा होता, बाहीने नाक पुसत.

"बाप गेला तवा बी रडला न्हवता," ती माझ्या कानात म्हणाली. "पान्यासाठी समद्यांनी तळमळू नये म्हनून बसायचं आसतंय. आता माझ्यामुळंच तळमळाय लागली की."

मग तिने मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मास्तर शिकल्यालं हाईत. ल्हिलं आसंल. लावा दिवा."

सुनेने निरांजन आणलं. म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली, पापणी न लवता, बराच वेळ. मग तिने दत्तूच्या हातून तीन घोट पाणी घेतलं. वस्तीतल्या बायका रडत हसायला लागल्या, कोणीतरी हलगी आणायला पळालं. मी बाहेर जाऊन शिळेपाशी उभा राहिलो आणि लहान मुलासारखा चंद्राच्या कोरून काढलेल्या खाचेवर हात ठेवून, काय करायचं ते न कळून, परत आलो.

तासगावच्या वाटेवर

चार वाजता ओढा उतरला. दत्तू आणि सून मागच्या सीटवर, म्हातारी त्यांच्या मांडीवर, सुभेदारांनी गाडी अशी हाकली की मी तिची आजवर केलेली सगळी निंदा मागे घेतो. आटपाडीच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि सांगलीला न्यायला सांगितलं. "एक दिवस आधी आणायला हवं होतं," एवढंच म्हणाले.

तासगावच्या अलीकडे, बेदाण्याच्या शेडच्या रांगा सुरू झाल्या तिथं, आभाळ एकदम फाटलं. पूर्वेकडे, शेडच्या पत्र्यांवर, चंद्र. दोन दिवसांचा उतरता, कडेला जरासा झिजलेला, पण स्वच्छ. रस्त्यावरच्या डबक्याडबक्यात तो पडला होता. सुभेदारांनी गाडी थांबवली.

"आई!" दत्तू म्हणाला. "आई, बघ! निघाला गं! हितलाच हाय, आपलाच हाय! बघ की!"

मी पुढच्या सीटवरून मागे वळलो होतो. ती जागी होती. उजेड तिच्या तोंडावर पडला होता. तिने सलाईनची सुई नसलेला हात हळूच वर आणला आणि पदर डोळ्यांवर ओढून घेतला.

"झोपली," दत्तू सुनेला म्हणाला. "झोपू दे."

सुभेदारांनी गिअर टाकला. 

सांगलीच्या दवाखान्याबाहेर मी दोन दिवस बसलो. भडंगाची पुडी घेतली आणि न फोडता शेजारच्या म्हाताऱ्याला दिली. किडन्यांनी हात टेकले होते. मी साताऱ्याला परतल्यावर, नवव्या दिवशी, फोन आला. पितृपंधरवडा चालू होता.

साताऱ्यात

कोल्हापूरच्या विद्वानांचं पत्र मागाहून आलं. त्यांनी ठशाचं कौतुक केलं होतं. लेख दानाचा, खंडग्रास सोमग्रहणाच्या वेळी जमीन दिल्याचा. जमिनीच्या चारी सीमा, साक्षीदार, आणि दान मोडणाऱ्याला शाप. बस्स. "चौथी ओळ म्हणून जे दिसते ती अक्षरे नसून टाकीचे अलीकडचे घाव आहेत," असंही त्यांनी लिहिलं होतं. मी फोन करून विचारलं, उपासाबद्दल काही? एका माणसाने सगळ्यांसाठी उपाशी राहण्याबद्दल? ते म्हणाले, "छे, छे. तसं काही नाही. कुठून काढलंत?"

मी कुठून काढणार? ते माझ्या आधीच कोणीतरी काढलं होतं. कधीतरी, दुष्काळात, तहानेल्या माणसांना पाणी प्यायला लावायला त्या दगडाशेजारी माझ्यासारखाच एखादा उभा राहिला असेल आणि म्हणाला असेल, तुम्ही प्या, असं असं लिहिलंय. त्याच्या थापेवर माणसं जगली, आणि मग तीच थाप दर भादव्यात एकाला बसवत आली. माझी थाप काय करील ते मला ठाऊक नाही. या विचाराने मी पुष्कळ दिवस नीट झोपलेलो नाही. आणि हे फुगवून सांगितलेलं नाही, बायकोला विचारा.

महिन्याने दत्तू आला. डोक्यावर कोवळे केस. सोबत पिशवीभर डाळिंबं, पावसातून वाचलेली, डागाळलेली. बायकोने पाण्याचं भांडं पुढं ठेवलं. त्याने शिवलंही नाही.

"मास्तर, वस्तीवर लोक लय बोलत्यात," तो म्हणाला. "म्हंत्यात, उपास मोडला म्हनून म्हातारी गेली. पानी दिलं ते मी. तुमी वाचलं, मी पाजलं."

"पाणी दोन दिवस उशिरा मिळालं म्हणून गेल्या, दत्तू. डॉक्टरांनीच सांगितलं की."

"डॉक्टरचं कोन ऐकतंय? आता माझी चुलती थोरली. पंच्याहत्तरीची हाय. ती म्हंती, मी बसनार, आन् ढग आलं तर दिवा न्हाई बघनार. मास्तरानं वाचल्यालं मी न्हाई ऐकलं, म्हंती." त्याने खिशातून घडी केलेला जाड कागद काढला. "तुमी ते ल्हून द्या. चौथी वळ. मोठ्या अक्षरात. देवळात काचंत लावतो. खाली सही करा."

विद्वानांचं पत्र टेबलाच्या खणात होतं, माझ्या गुडघ्यापासून वीतभर. ते दाखवलं असतं तर चुलती कदाचित उपासाला बसलीच नसती. आणि दत्तूला कळलं असतं की त्याच्या आईला त्या दगडाने काही सांगितलंच नव्हतं, ना उपासाचं, ना दिव्याचं.

मी कित्ता गिरवायची जाड निबं काढली. आयुष्यात एवढं वळणदार अक्षर मी काढलेलं नाही. "मेघ आडवे आले असता तुपाचा दिवा पाहावा. तोच सुटलेला चंद्र मानावा. आणि पाणी घ्यावे." खाली सही केली, पूर्ण नावाने, मागे 'निवृत्त शिक्षक' असं लावून. दत्तूने शाई वाळेपर्यंत कागदावर हळूहळू फुंकर घातली.

घडी न घालता त्याने कागद गुंडाळला. उठला नाही.

"येक इचारू का, मास्तर? खरं सांगा. आईनं तुमच्या कानात काय तरी सांगितलं व्हतं. तिला पटलं व्हतं न्हवं?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सुभेदार कधी आले होते कोण जाणे, तेही कट्ट्यावर होते. दोघंही माझ्याकडे बघत होते.

"पटलं होतं," मी म्हणालो. "एकेक अक्षर बोटाने तपासून घेतलं त्यांनी."

 दत्तूने भांडं उचललं आणि पाणी प्यायला.